साडेसात इंच सेकंदाला

भंगारवाला काटा घेऊनच आला.
मिक्सर अठ्ठावीस किलो, टेप मशीन एकेक बेचाळीस,
तांब्याचा भाव वेगळा, पत्र्याचा वेगळा.
मीटरमधली सुई वजनात धरत नाहीत.

बोथलीच्या केंद्रावर आता एक लॅपटॉप,
धूळ नको म्हणून दुपट्ट्यानं झाकलेला,
आणि हर्षाली टेकाम, वय तेवीस.
तिच्या पडद्यावर अख्खा मिक्सर आहे :
तीच बटणं, त्याच सरकपट्ट्या,
चार कोपऱ्यांत चार स्क्रूसुद्धा काढलेले.
"स्क्रू काऊन हायेत वो बाई? खोलता येते का हे?"
"नाई सर. दिसाले बरं म्हणून."
तोवर माझा हात खिशातल्या पेचकसाकडे गेलेला.

खोटं कशाला बोलू, बरं आहे हे.
मे महिन्यात, सेहेचाळीस अंशाला,
मशीनच्या पाठीला ओला बारदाना बांधायचो आम्ही.
हिच्या खोलीत उष्मा नाही, घरघर नाही.
फक्त ती मांजर, जी दर हिवाळ्यात
अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे व्यायची,
दोनदा येऊन भिंत हुंगून गेली.

"चुकीचं कापलं तर?" मी विचारलं.
तिनं दोन बोटं दाबली. कापलेलं परत आलं.
असंच. जखमेचा वणही नाही.

मी एकतीस वर्षं ब्लेडनं कापलं.
टेप साडेसात इंच धावते सेकंदाला;
एक श्वास दोन इंच,
सरपंचाचं "म्हणजे कसं की" पाच,
खोकला चार.
तिरपं कापायचं, चिकटपट्टी लावायची, नखानं घासायचं.
ऐकणाऱ्याला मी ऐकू येता कामा नये,
एवढंच काम.

कौसाबाई नेवारे बांबूच्या टोपल्यांवर बोलायला आली
ते सत्त्याण्णव साल.
कामट्या सोबत घेऊन आली, हात रिकामे असले
की बोलता येत नाही म्हणाली.
चिरता चिरता बोलली, बोलता बोलता खोकलली.
"हे सारं काढा," साहेब म्हणाले.
काढलं. अकरा तुकडे.
केरात टाकले नाहीत, का कोण जाणे,
तपकिरीच्या डबीत ठेवले, वर तिचं नाव लिहिलं.
कार्यक्रम लागला, स्वच्छ.
पुढल्या महिन्यात त्याच टेपवर
तुरीवरच्या अळीचं भाषण भरलं.
टेपा तेव्हा पुसून वापरायचो.

ती वारली तेव्हा निळकंठ आला होता,
फाटकाशी सायकल आडवी टाकून :
"माह्या मायचा आवाज असंल नं तुमच्यापाशी?"
नाही म्हणालो.
आणि मला ते खरंच वाटत होतं.

आज काटा दारात असताना
भंगारवाल्याला म्हटलं, दहा मिनिटं थांब बे.
शेवटच्या मशीनवर अकरा तुकडे जोडले, एकामागून एक.
चव्वेचाळीस इंच. सहा सेकंदही भरत नाहीत.
हर्षालीनं तार लावली.
पडद्यावर अकरा झुडपं उगवली
पऱ्हाटीच्या तासासारखी,
आणि लगेच एक चौकट आली :
गोंगाट आढळला. काढून टाकू?
"होय"वर खूण आधीच होती.
आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो.
बाहेर काट्याची साखळी वाजली.
मग तिनं "नाही" दाबलं, जरा जास्तच जोरात.

मशीन गाडीत चढायच्या आत
ते सहा सेकंद निळकंठच्या फोनवर पोचले होते.
बऱ्याच वेळानं त्याचा फोन आला.
बोलेना. मागे कुठेतरी पिठाची गिरणी चालू.
"काका," म्हणाला,
"आठवा खोकला नाई थो.
हासली थे."