काचसामान

सात दिवसांत तेवीस घरं.
ऑस्वल्डनं यादी भिंतीला डकवली आणि म्हणाला,
ओव्हरटाइम दीडपट, तोंडं बंद.
यादीत नावं नाहीत:
द्वितीय सचिव, पत्नी, अपत्य एक.
हायगेट, तिसरा मजला, लिफ्ट अरुंद.

माझ्याकडे काचसामान. अठरा वर्षं मी
या देशातल्या लोकांचे कप गुंडाळते
कोऱ्या वर्तमानपत्रात.
हो, कोऱ्या. छापलेल्याची शाई लागते चिनीमातीला,
म्हणून कारखान्यातून हा कागद
बातमीविनाच येतो, गठ्ठ्यानं.

बातमी खाली फुटपाथवर उभी होती
कॅमेरे खांद्यावर घेऊन.
आम्ही सोफा काढला, तर सोफ्याचेही फोटो.

लुडलोच्या भाजीमळ्यातला तो सार्वजनिक नळ
आता तंबूत आहे. पांढऱ्या कपड्यांतली माणसं
माती पिंपांत भरून नेतात, घेवड्याच्या वेलांसकट.
वारेक अजून शुद्धीवर नाही.
त्याच्यानंतर त्या नळावर हात धुणाऱ्या
मिसेस ऑडी मंगळवारी गेल्या.
त्यांचं कुठल्याच सरकारशी वाकडं नव्हतं,
गोगलगायींशी होतं फक्त.

वारेकचं सामान चार वर्षांपूर्वी मीच बांधलं होतं.
पुस्तकांची सत्तर खोकी. कप एक.
बाकीचे? मी विचारलं.
बाकीचे तिकडेच राहिले, म्हणाला,
आणि हसला.
मला वाटलं, कपांबद्दलच बोलतोय.

पार्लमेंटात कुणीतरी म्हणालं, दाट शक्यता.
तिकडून कुणीतरी म्हणालं, कपोलकल्पित.
मग इकडून तेवीस, तिकडून तेवीस,
भाजीवाल्यानं तागडी सारखी करावी तसं.
मिसेस ऑडी कुठल्या पारड्यात
ते कुणी सांगितलं नाही.

तिसऱ्या मजल्यावर बाई स्वतःच चादरींच्या घड्या घालत होती.
मुलगा गणवेशात, शाळा सुटलेली असताना.
दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीच्या पेन्सिलखुणा.
ही चौकट न्याल का, तो ऑस्वल्डला विचारत होता.
ऑस्वल्डनं, खरं सांगते, टेप काढून मोजली.

अकराला तिनं चहा आणला.
पाच कप, बिनदुधाचा, वर लिंबाची चकती.
पोरं बुटांकडे बघायला लागली.
एक म्हणाला, आत्ताच प्यायलो.
दुसऱ्याला डॉक्टरनं बंद केला होता.
माझी आई असती तर म्हणाली असती,
विषाची परीक्षा कशाला बघायची.

ट्रे तिच्या हातात तसाच.
मग तिनं तो खोक्यावर ठेवला, एक कप उचलला,
घोटभर प्यायली,
आणि तोच माझ्यापुढे धरला.

आमच्याकडे पाहुण्याला उष्टं देत नाहीत.
उष्टं घरातल्या घरात,
तेही रक्ताचं असेल तर.
काठावर तिच्या ओठांची पुसट लाली होती.
मी कप फिरवून घेतला नाही.
तिथूनच प्यायले.

कडू होता. लिंबाची बी दाताखाली आली असेल.
आतल्या खोलीत तिचा नवरा फोनवर बोलत होता,
हळू, पाठमोरा.
त्याला काय ठाऊक होतं, मला ठाऊक नाही.
त्या रात्री मी तीनदा उठले
आणि आरशात जीभ बघितली.

तिकडेही या आठवड्यात
माझ्यासारखी कुणी बसली असेल जमिनीवर,
आमच्या वकिलातीचे कप गुंडाळत.
आमच्या म्हणाले मी.
पासपोर्ट तसं सांगतो.

विम्याच्या फॉर्मवर लिहिलं:
कप सहा. तडा नाही.
एक धुवायचा राहिला, तसाच गुंडाळलाय.
शेवटची ओळ ऑस्वल्डनं खोडली.
असलं लिहू नये, म्हणाला,
कस्टमवाले खोकं उघडतील.