तेहतिसावा मजला

पहाटे साडेपाचला पाणी मोजतो.
क्लोरीन ठीक, पीएच सात पॉइंट चार.
वहीत आकडा, खाली सही : कों. ढेबे.

एकशे बारा फ्लॅट, आणि येणारे तिघे :
बाविसाव्यावरच्या दांडेकरबाई, श्वास मोजत पोहतात;
एक मुलगा, जो नुसते पाय सोडून बसतो;
आणि एक घार,
तिला कार्ड लागत नाही.

या टाकीला काठ नाही.
म्हणजे आहे, पण दिसू नये असा बांधलाय.
पाणी आता बालेवाडीवर सांडेल असं वाटतं.
सांडत नाही. खाली पन्हळ आहे,
ती मी घासतो.

थंडीत हवा निवळ असली
की दक्षिणेला सिंहगडाचा टॉवर दिसतो.
त्याच्या उजव्या अंगाला, डोंगराआड, धरण.
मे महिन्यात पाणी उतरलं की
बाप काठावरून बोट दाखवायचा :
तिथं आपली चूल.
मला चिखलच दिसायचा.
मी हो म्हणायचो.

एप्रिलात टँकर लागतात. पंप रात्रभर धडधडतो.
ड्रायव्हरला विचारलं, कुठलं रे पाणी?
म्हणाला, पाण्याला गाव असतं का?
पावतीवर सही कर.

काल दांडेकरबाई म्हणाल्या,
तुम्ही कधी उतरत नाही का पाण्यात?
म्हटलं, स्टाफला परवानगी नाही.

त्या गेल्यावर जाळीत एक पान आलं,
उंबराचं, अर्धं कुजलेलं.
तेहतीस मजले.
ते वहीत लिहिलं नाही.
तसा रकाना नाही.