पान एकशे बारा

पाचशे प्रती छापल्या.
छापखानेवाला गुरुसिद्धाप्पा, घरात कन्नड बोलणारा,
माझे ऱ्हस्व-दीर्घ माझ्याहून नीट तपासणारा,
शाईचे हात पुसत म्हणाला,
मास्तर, पुस्तक झकास. पण विकणार कोण?
मी म्हणालो, मी.

तेव्हापासून स्कूटरच्या पायाशी दोन गठ्ठे.
निपाणीच्या वखारीत मुकादमाने तीन घेतले,
भाचीच्या लग्नात आहेर केले.
ते पुढच्या लग्नात गेले,
तिथून अजून पुढे गेले असावेत.
माझी कादंबरी न उघडता फिरते आहे
घटप्रभेच्या दोन्ही काठांवर.

चिकोडीच्या वाचनालयात ग्रंथपाल म्हणाले,
देणगी असेल तर आत्ता ठेवा,
विकत असेल तर कमिटीचा ठराव लागतो.
कमिटीतले दोघे वारलेत.

संकेश्वरात मिरचीच्या सौद्याला उभा राहून
कथानक सांगू लागलो.
गडाला वेढा पडतो तिथवर आलो
आणि शिंका आल्या, आधी मला,
मग अडत्याला, मग हमालांना, मग सगळ्या पेठेला.
वेढा उठला.

फलक करून घेतला.
नियमाप्रमाणे कन्नड अक्षरं वर आणि ठसठशीत,
मराठी त्याखाली, मुंगीएवढी,
माझं नाव मुंगीच्या पायाएवढं.
एक म्हातारा वरचं वाचून आत आला,
खालचं वाचता येत नाही म्हणाला,
तूच सांग की रे, शेवटी गड पडतो काय?
सांगितलं. चहा त्यानेच पाजला.

शालन म्हणते,
तुमच्या गडावर सात महिने धान्य पुरलं म्हणता,
इथे पलंगाखाली केर काढायला वाट नाही.

आणि मग ते संमेलन.
शाळेच्या पटांगणात मांडव,
माझं टेबल चपलांच्या शेजारी.
अध्यक्षांनी प्रत उचलली, हातावर तोलली,
धडपड, धडपड, असं दोनदा म्हणाले
आणि प्रतीसकट गाडीत बसले.

संध्याकाळी तो आला.
खाकी शर्ट, खिशाला पक्कड,
वीज सोसायटीचा लाइनमन.
पुस्तकात बसचं तिकीट खोचलेलं,
बरोबर पान एकशे बारा.
"ह्यो दौलू नेर्लीकर.
चोरदरवाजा उघडणारा.
आम्ही नेर्लीकर."

मला वाटलं, झालं.
आता टेबल उलटेल, मोर्चा निघेल,
आणि मनात, खरं सांगतो, लाज सोडून सांगतो,
हिशेब सुरू झाला:
मोर्चा निघाला तर चारशे प्रती जातील.

तरी म्हणालो, अहो, तो दौलू माझा.
दरवाजा उघडायला कुणीतरी हवं होतं,
नाव नेर्लीच्या फाट्यावर सुचलं,
पंक्चर काढेपर्यंत.

तो उभाच राहिला.
"म्हंजे नव्हताच?"
नव्हता.
"आमच्यात आज्ज्याच्या बापापर्यंत नावं ठावं हाईत.
त्येच्या मागं कायच न्हाई.
म्हटलं, फितूर तर फितूर,
कुणीतरी घावला.
पोरांस्नी दाखवलं बी मी.
धाकटा तर त्येच्यागत कुलूप काढून दाखवतोय."

मी काय बोलणार?
बखरी चाळल्या, सनदा उतरल्या,
किल्लेदाराच्या घोड्याचा रंगसुद्धा शोधला मी,
पण असल्या प्रश्नाला
कुठल्याच रुमालात कागद नव्हता.

"दोन द्या," तो म्हणाला.
"थोरलीला एक, भनीला एक.
त्येंना सांगू नगासा."
सही करायला पेन काढलं,
नाव काय घालू, विचारणार,
तर मांडवातले दिवे गेले.

लोक ओरडले. मुलं शिट्ट्या मारू लागली.
तो पक्कड काढून सरळ खांबाकडे गेला,
पुस्तक टेबलावर उघडंच.
मी अंधारात पेन धरून,
दुसऱ्या हाताने चिल्लर सांभाळत.
वरून त्याचा आवाज,
"आली काय बघा, मास्तर?"
नाही, म्हणालो. अजून नाही.
"थांबा जरा."