अर्धी किटली

दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं, सहा आठवडे
भरल्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही.
मी विचारलं, कुणाची किटली? आमची पाच लिटरची आहे,
लोकर कातरणारे दहा जण कॉफी पितात तिच्यातून.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अर्धी.

आकुरेरीहून परतताना ब्रिन्यारने गाडी अशी हाकली
जणू मागच्या सीटवर अंड्यांची टोपली.
पुलाच्या तोंडाशी खड्डा आहे, तीस वर्षं आहे,
त्या दिवशी त्याला तो पहिल्यांदा दिसला.

पहिला आठवडा उशी, गोळ्या, सुकवलेले आलुबुखार.
शौचाला बसताना वाटायचं,
सगळे टाके एका सुरात विचारताहेत, खरंच का?
कुथायचं नाही. खोकायचं तर उशी पोटाशी धरून.
शिंक आली की मी खिडकीची चौकट पकडायचे
आणि डोंगराकडे बघायचे,
तो तरी जागचा हलत नाही.

अकरा वर्षं.
अकरा वर्षं अंग बाहेर येत होतं
आणि मी ते, ओली छत्री पिशवीत कोंबावी तसं,
आत ढकलून गोठ्यात जात होते.
ब्रिन्यारला सांगितलं नाही.
तलावावरच्या बायकांनाही नाही,
जिथे गळ्यापर्यंत ऊन पाण्यात बसून
आम्ही एकमेकींचे नवरे, दात, कर्जं, सगळं धुऊन काढतो.
न्हाणीत मी भिंतीकडे तोंड करून उभी राहायचे.

आता तर पाण्यात बसायलाच बंदी.
यारथ्रूदुर दाराशी रुबार्बच्या मुरंब्याची बरणी ठेवून जाते
आणि काही विचारत नाही. म्हणजे तिला कळलंय.
चौथ्या बरणीला म्हणाली, माझंही. दोन हजार नऊपासून.
आणि बूट न काढताच आत येऊन बसली.

मेंढ्यांचं मात्र मला सगळं येतं.
वसंतात विताना एखादीचं अंग बाहेर आलं, की
कोमट पाणी, मग साखर, स्वयंपाकघरातलीच, मूठ मूठ.
सूज उतरते. लाल ओला गोळा मऊ पडतो.
मग तळव्याने, बोटांनी नव्हे, हळूच आत.
मग पट्टा. मग वहीत तिचा नंबर, पुढे फुली.
फुलीवाली मेंढी पुढल्या वसंताला ठेवायची नसते,
पुन्हा येतं.
मोराच्या नंबरापुढे मी फुली मारली नाही.
तपकिरी, म्हातारी, एका शिंगाची, फार दुधाळही नव्हे.
पेन होतं हातात.

पाचव्या आठवड्यात कळप डोंगरावरून उतरले.
दरवर्षी मी त्या गोल कोंडवाड्यात असते,
मेंढीला दोन मांड्यांत धरून, शिंगांनी वळवत, आमच्या खणात लोटत.
यंदा गाडीत. मांडीवर उशी, हातात दुर्बीण.
काच खाली करून कानखुणा ओरडून सांगितल्या,
कुणी ऐकल्या नाहीत.
स्वान्हिल्दुर, माझी लेक, माझेच बूट घालून
दोन वर्षांच्या मेंढ्याशी झोंबत होती.
मी ओरडले, गुडघे वाकव! श्वास कोंडून उचलू नकोस!
ते तेवढं तिने ऐकलं. वैतागून हात हलवला.

मग ब्रिन्यार एका तपकिरी मेंढीला घेऊन गाडीशी आला.
मोरा. गुबगुबीत, लोकरीत काटक्या अडकलेल्या,
मागे तिचं कोकरू, तिच्याहून अवखळ.
त्याने तिची शेपटी उचलून पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं.
"हिची फुली राहिली होती," तो म्हणाला.
म्हणजे त्याला तेव्हापासून माहीत होतं.
आणखी काय काय, ते मी विचारलं नाही.

मला वाटलं, आता वही काढेल.
तो तिचं एकुलतं शिंग धरून नुसता उभा राहिला,
वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलेलं, वाऱ्यानेच असावं.
"कॉफी उरलीय का?"

थर्मास माझ्या पायाशी होता, अर्धा.
मी वाकले, गुडघ्यांतून, शिकवलं होतं तसं,
आणि उचलला.