नव्वद

खेड-शिवापूरचा टोल मागे पडला
आणि मी अंगठ्याने बटण दाबलं.
हिरवा दिवा. नव्वद.
उजव्या पायाला सुट्टी दिली,
चप्पल काढली, पाय मागे सीटखाली घेतला,
शाळेत बाकाखाली घ्यायचो तसा.

एकतीस वर्षं बँकेत काढल्यावर
आपोआप चालणारं काहीतरी
आपल्याही वाट्याला यावं, असं वाटायचं.
आवर्ती ठेवीसारखं. एकदा सही केली, की झालं.

मृदुला सीताफळ खात होती,
भाचीच्या साखरपुड्याहून आणलेलं,
जरा जास्तच पिकलेलं.
बिया डाव्या मुठीत धरत होती,
कारण गाडी नवी
आणि मीच म्हणालो होतो, घाण नको.

हस्ताचा पाऊस,
एका डोंगरावर असतो, दुसऱ्यावर नसतो.
कात्रजच्या बोगद्यात रस्ता कोरडा ठणठणीत.
"वायपर बंद करा की, करकरतायत," ती म्हणाली.
केले.

बोगदा संपला.
पलीकडे उतारावर पाणी
आमच्याबरोबरच पुण्याला निघालं होतं.

वायपरकडे हात गेला तेवढ्यात
स्टिअरिंग हलकं झालं.
हलकं म्हणजे, कसं सांगू,
विहिरीत बादली सुटली
आणि नुसता दोर हातात राहिला, तसं.
चाकं पाण्यावर, रस्ता पाण्याखाली,
आणि गाडी प्रामाणिक.
तिला नव्वद सांगितलं होतं,
ती नव्वदच्या मागे लागली.
इंजिन रेकायला लागलं.

मी पाय शोधत होतो.
हसू नका. स्वतःचा पाय.
तो सीटखालून निघाला, चपलेला अडखळला,
ब्रेकवर पडला, नको तेवढा जोरात पडला,
आणि समोरच्या काचेतून
नऱ्ह्याच्या इमारती डावीकडून उजवीकडे गेल्या,
मग डोंगर गेला,
मग आत्ताच सोडलेलं बोगद्याचं तोंड आलं
आणि तिथेच थांबलं.

थांबलो तेव्हा तोंड साताऱ्याकडे.

झेंडूचा एक टेम्पो हॉर्न दाबून धरत
अगदी घासून गेला, मार्केट यार्डाकडे.
दोन-चार फुलं बॉनेटवर पडली.
दसरा चार दिवसांवर होता.
नव्या गाडीला हार कुठून आणायचा,
यावर सकाळीच आमचं भांडण झालं होतं.

मृदुला काही बोलली नाही.
मूठ तशीच मिटलेली.
खूप वेळाने उघडली तेव्हा
तळहातावर बियांचे खळगे,
एकेक मोजता येईल असा.

दुसऱ्या दिवशी धायरीला लहू खुटवडने
टायरच्या खाचेत रुपयाचं नाणं उभं केलं,
चारही चाकांना. वेळ घेतला.
"टायर झकास आहेत, काका."
एक कारण होतं माझ्याकडे, तेही गेलं.
"गाडीने ऐकलंच की तुमचं.
नव्वद म्हणालात, नव्वद.
पाणी आहे हे तिला कुठून कळणार?
तिला काय पाय आहेत?"
चार आहेत, असं म्हणणार होतो.
गप्प बसलो.
"ओल्यात ते बटण विसरा. पाय पेडलवर ठेवा.
चाक जरा तरंगलं, की पायाला आधी कळतं,
डोक्याला मागाहून."
नाणं त्याने माझ्याच हातात दिलं.
माझंच होतं म्हणे, काउंटरवर पडलेलं.

त्या रात्री, मृदुला सांगते,
माझा पाय पांघरुणात काहीतरी दाबत होता.

काल परत कराडला जाऊन आलो, लग्नाच्या याद्या करायला.
येताना शिरवळपासून रिपरिप.
साठ-पासष्ट. मागून लोक दिवे मारत होते.
हिरवा दिवा बंद, पाय पेडलवर,
आणि टोलच्या अलीकडे पोटरीत गोळा आला.
मी मांडी चोळली, ते तिने पाहिलं.

"दुखतोय का?"
"हो."
"असू दे," ती म्हणाली,
आणि मागच्या सीटवरून पिशवी ओढून
नवं सीताफळ काढलं.
बिया या वेळी
तिने सरळ खाली टाकल्या.