बिशपसाहेबांचा ळ

शुक्रवारी प्रार्थना लवकर आटोपते.
मनामातल्या जुन्या दफनभूमीची किल्ली
पहारेकऱ्याकडे मागावी लागते.
तो माझं कार्ड वाचतो : ओहोल.
मी दुरुस्त करत नाही.
रोमन लिपीला आमचं आडनाव कधी पेललंच नाही.

दगड साधा. खाऱ्या हवेनं अर्धी अक्षरं खाल्लेली.
टोबायस रेनशॉ, बिशप.
पुढचं साल बोटानं चाचपावं लागतं,
म्हाताऱ्या हातावर शीर शोधते, तसं.

ह्या माणसाचं एक पत्र आहे आमच्या घरी,
राहुरीला, बायबलात, स्तोत्रांच्या पानांत.
खापरपणजोबा सत्वाजी त्याला मराठी शिकवायचे,
महिना तीन रुपये आणि जोंधळ्याची पायली.
म्हणा, बाळ.
बाल.
म्हणा, डोळा.
डोला.

चाळीस उन्हाळे नगर जिल्ह्यात.
शाळा काढल्या, स्वतःची दोन मुलं पुरली,
पटकीच्या वर्षी बैलगाडीतच झोपला.
विहिरीवर पोहरा एकच राहील, सगळ्यांचा,
म्हणून वरच्या कमिटीशी भांडला.
मग त्यालाच बिशप केलं,
बहुधा गप्प बसावा म्हणून.
झगा, अंगठी, हातात दंड,
आणि वेदीपुढे उभा राहून म्हणाला :
देव दयालू आहे.
बायका पदराआड हसल्या
आणि त्यांनी विश्वास ठेवला.

सदुसष्टाव्या वर्षी राजीनामा. अंगठी परत.
गलबतानं एकटा इथं आला, अरबी शिकायला.
लोक म्हणाले, म्हातारचळ.
तो शब्दही त्याला म्हणता आला नसता.

इथं कुणाचा बाप्तिस्मा झाला नाही.
कॉफीच्या दुकानात मोतीवाल्यांशेजारी बसायचा,
पुस्तक मिटलेलं.
सालमीन पाणबुड्याचा पोरगा
त्याच्याकडून 'ऐन' घोटून घ्यायचा,
घशाच्या तळातून, उंट कुरकुरतो तसा.
म्हातारा खोकत सुटायचा.
पोरगा कपाळाला हात लावायचा.

पत्रात हे सगळं आहे, बालबोध लिपीत,
आणि लिहिताना ळ एकदाही चुकलेला नाही.
"सत्वाजी, येथे समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे आहेत.
पाणबुडे बुडी मारून पखालीत भरून आणतात.
मी प्यालो.
तुमच्या आडनावाची आठवण झाली."
मग तापाबद्दल दोन ओळी.
किती आत्मे तारले, त्यावर अक्षर नाही.

ते झरे आटले. समुद्र बुजवून वर मॉल उभे राहिले.
मी बाटलीतलं पाणी दगडावर ओतते.
(आपल्यात असं करत नाहीत, आई रागावेल.)
खाचांत पाणी साचतं, नाव क्षणभर काळंभोर दिसतं,
मग ऊन.

रात्रपाळीला तीन नंबरच्या खाटेवर
मुहर्रकचे एक आजोबा आहेत, बाप पाणबुड्या होता.
नाव विचारलं, तेव्हा मी खरं सांगितलं,
जीभ मागे वळवून, टाळूला टेकवून.
झोप येत नाही तेव्हा ते करून बघतात :
ओहोल. ओहोर. ओहोड.
सलाईनचा थेंब मोजत
मी म्हणते,
पुन्हा.