क्विगली रोडच्या कडेने

या गावात पायी कुणी चालत नाही.
कुत्रा सोबत असेल तर चालतात,
नाहीतर रंगीत बूट घालून धावतात.
पण हातात दुधाचा कॅन घेऊन कुणी निघालं
की गाड्या हळू होतात.

"गाडी बंद पडली का?"
"नाही. गाडीच नाही."
मग काच वर जाते, सावकाश,
नको ते विचारून बसल्यासारखी.

एकदा पोलीस आला. कुणीतरी फोन केला होता.
मी पिशवी उघडून दाखवली :
दूध, मीठ, सहा अंडी.
तो हसला. "फार थंडी आहे," म्हणाला, "सवय नसेल तुला."
आमच्या दार्खानला जानेवारीत पापण्या एकमेकींना चिकटतात,
हे सांगण्याइतकं इंग्रजी मला येत होतं.
पण खोटं कशाला, बोटं माझीही बधिरली होती.

कॉलेजची बस सोमवार ते शुक्रवार.
भूक शनिवारी लागते.

पहिल्या दिवशी नकाशा मिळाला होता, गुळगुळीत कागदाचा :
ग्रंथालय, चॅपल, तळं, तळ्यात दोन बदकं,
पार्किंग अ, पार्किंग ब, पार्किंग क, ड, इ.
नकाशा फाटकाशी संपतो.
दुकान तिथून दीड मैल,
आणि मध्ये नुसती लोकांची हिरवळ.

पहिलं वर्षभर मला सगळ्यांनी घोड्यांबद्दल विचारलं.
मी चौथ्या मजल्यावर वाढले. वडील सिमेंटच्या कारखान्यात.
घोड्यावर एकदाच बसले, सात वर्षांची असताना. पडले.
हे ऐकून माणसं हिरमुसतात.
म्हणून पुढे पुढे मी सांगू लागले,
घोडा पांढरा होता.
मग त्याला नावही दिलं.

माझं नाव नोमिनदारी. इथे नोमी.
क्वाबेनाचा क्वाब झाला, फेरुझाची फेरी,
थाओला लोक नाव न घेताच हाक मारायचे.
नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं मागे उरलो.
मेस बंद, हीटर अर्ध्यावर.
दर शनिवारी बाजारहाट,
क्वाबेना पुढे, आम्ही मागे, एका रांगेत,
बर्फात एकाच्या पावलावर दुसऱ्याचं पाऊल.

मार्चमध्ये बर्फ गेला तेव्हा दिसलं :
चौदाशे अठरा नंबरच्या घरापुढे गवत मेलं होतं.
वीतभर रुंद, सरळही नाही,
मेपलला वळसा घालून.
आमचीच होती ती पायवाट.

घर हॅल्वरसन नावाच्या म्हाताऱ्याचं.
त्यानं पाटी लावली : कृपया गवतावरून जाऊ नये.
मग आम्ही डांबरावरून चालू लागलो, ट्रकचा वारा अंगावर घेत.
थाओची टोपी उडाली. सापडलीच नाही.
पुढच्या शनिवारी पाटी नव्हती.
पडली की काढली, कोण जाणे.
आम्ही विचारलं नाही. वळसा घेतला, गेलो.

आईचा फोन येतो, तिची सकाळ, माझी आदली रात्र.
"कुणी ओळखीचं झालं का गं तिथे?"
मी जरा थांबते.
"आहेत एक आजोबा. बोललो नाही कधी."
"मग ओळख कसली?"

या डिसेंबरात गुडघाभर पडला.
क्वाबेना शिकागोला नोकरीला. फेरुझानं गाडी घेतली.
मी एकटीच निघाले.
हॅल्वरसन फावडं घेऊन बाहेर होता.
आधी त्यानं गॅरेजपुढचा बर्फ काढला,
मग पत्रपेटीपर्यंतचा,
मग कंबरेवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.
मग
जिथे काहीच नाही तिथे,
एका फावड्याच्या रुंदीचा पट्टा,
मेपलला वळसा घालून
त्याची हद्द संपते तिथवर.
मी दिसले असेन त्याला. त्यानं मान वर केली नाही.
फावडं भिंतीला टेकवलं, बूट झटकले, आत गेला.

शेजाऱ्याच्या हद्दीपासून पुन्हा गुडघाभर.

चहाला दूध आणलं, मीठच विसरले.
उद्या परत जावं लागेल.